छेदात कोण?

पुतण्यानं नवी मोटारसायकल घेतली आणि पेढे द्यायला घरी आला. पेढा हातात पडायच्या आत घरातल्या तिघांनी तीन सुरांत एकच विचारलं, "ॲव्हरेज किती देते रे?" त्या तिघांत माझी ऐंशी वर्षांची आत्याही होती, जी आजवर मोटारसायकलवर मागेसुद्धा बसलेली नाही. पुतण्या म्हणाला, "कंपनी साठ म्हणते, रस्त्यावर पन्नास पडेल." आत्याचं समाधान झालं.

'ॲव्हरेज' हा शब्द या अर्थानं इंग्रज वापरत नाही. तो 'फ्युएल एफिशियन्सी' म्हणेल, नाहीतर 'मायलेज'. आपण सरासरीचा शब्द उचलला आणि भलत्याच खात्यात कामाला लावला. पण तिथं तो पक्का रुजला. एका लिटरला किती किलोमीटर, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. वर किलोमीटर, खाली लिटर. भागाकार उघडा आहे.

मी सव्वीस वर्षं एका तंत्रनिकेतनात उष्मायंत्रं शिकवली. एफिशियन्सीची व्याख्या मुलं झोपेतही म्हणत: "आउटपुट अपॉन इनपुट इंटू हंड्रेड." तोंडी परीक्षेला मी पुढचा प्रश्न टाकायचो, या यंत्राचं आउटपुट म्हणजे नक्की काय आणि इनपुट म्हणजे नक्की काय, की निम्मी मुलं छताकडे बघायला लागत. माझं टुमणं ठरलेलं असे: अंशात काय, छेदात काय, ते आधी बोला, टक्के मागाहून. निवृत्तीनंतरही ते टुमणं सुटलेलं नाही. फक्त आता ते यंत्रांपेक्षा माणसांच्या बाबतीत लावावंसं वाटतं. "आमची नवी मॅनेजर भारी एफिशियंट आहे," असं कुणी म्हटलं, की तिथं कुणीच विचारत नाही, किती देते? आणि कशाच्या लिटरला?

माझी तक्रार एवढीच आहे. 'एफिशियंट' हा शब्द दिसायला 'हुशार', 'प्रामाणिक' यांच्या पंगतीतला वाटतो, पण त्याच्या पोटात अपूर्णांक आहे. अंश तो मिरवतो आणि छेद झाकून ठेवतो. त्या झाकलेल्या छेदात बऱ्याचदा कुणीतरी माणूस असतो.

उघडा भागाकारसुद्धा किती फसवतो, ते आधी सांगतो. एका घरात दोन गाड्या आहेत. जुनी जीप लिटरला आठ देते, मोटार सोळा देते. जीप बदलून बारा देणारी घ्यावी, की मोटार बदलून बत्तीस देणारी घ्यावी? दोन्ही गाड्या सारख्याच धावत असतील, तर पेट्रोल कशानं जास्त वाचेल? दहातले नऊजण मोटारीकडे बोट दाखवतील, कारण तिथं आकडा दुप्पट होतो. आता शंभर किलोमीटरचा हिशेब मांडा. जीपला साडेबारा लिटर लागत होतं, आता सव्वाआठच्या थोडं वर लागेल. चार लिटरच्या वर वाचलं. मोटारीला सव्वासहा लागत होतं, आता तीन-सव्वातीन लागेल. जेमतेम तीन वाचलं. युरोपात हाच अपूर्णांक उलटा लिहितात, शंभर किलोमीटरला किती लिटर, आणि ही चूक तिथं होत नाही. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. अंश-छेदांची नुसती अदलाबदल केली तरी शहाणी माणसं वेगळा निर्णय घेतात. मग छेदच दिसत नसेल तिथं काय होत असेल!

'एफिशियंट' हा शब्द मुळात असा नव्हता. तो लॅटिनमधून आला, आणि तिथं त्याचा अर्थ घडवून आणणारा, पार पाडणारा एवढाच. ॲरिस्टॉटलनं कोणतीही गोष्ट होण्याची चार कारणं सांगितली. त्यातल्या कर्त्याच्या कारणाला युरोपातल्या पंडितांनी पुढे 'एफिशियंट कॉज' म्हटलं. मडक्याला माती लागते आणि कुंभार लागतो. यातला कुंभार तो एफिशियंट. आपल्या दर्शनशास्त्रात मातीला उपादानकारण आणि कुंभाराला निमित्तकारण म्हणतात, म्हणजे दोन्हीकडचे पंडित जवळपास एकाच जागी पोचले होते. पुढे मराठीत 'निमित्त' या शब्दाची जी गत झाली, म्हणजे काम न करण्यासाठी शोधलेली सबब, ती पाहिली की आपल्या कचेऱ्यांना एफिशियंट म्हणायला खरं तर काहीच हरकत नाही.

१८६७ मध्ये वॉल्टर बॅजट यानं इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेचे दोन भाग पाडले, एक मिरवण्याचा आणि दुसरा 'एफिशियंट'. राणी मिरवते, मंत्रिमंडळ राज्य चालवतं. इथंही अर्थ जुनाच आहे. काटकसरीचा त्याला वासही नाही.

भागाकार आला तो पाणचक्क्यांच्या आणि वाफेच्या इंजिनांच्या वाटेनं. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं लहान चाकं बनवून मोजमापं घेतली आणि १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की ज्या चाकावर पाणी वरून पडतं ते, खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. पाणी तेच, काम दुप्पट. मग जेम्स वॉट आला. त्याच्या इंजिनाला न्यूकमेनच्या जुन्या इंजिनापेक्षा कोळसा कितीतरी कमी लागे. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी धंद्याची तऱ्हाही नामी काढली: वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एकतृतीयांश आम्हाला द्या. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींत हे इंजिन हातोहात गेलं, कारण तिथं कोळसा जहाजानं आणावा लागे आणि महाग पडे. मात्र खुद्द कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी न्यूकमेनची खादाड इंजिनं पुढे कित्येक वर्षं निवांत चालू राहिली. तिथं विकता न येणारा चुरा ढिगानं पडलेला असे, वाचवायचा कुणासाठी?

हा तपशील मला फार आवडतो. वर्गात तो सांगितला की मुलं विचारायची, "मग सर, चांगलं इंजिन कुठलं?" त्यावर मी म्हणायचो, कुठं, ते सांग. यंत्राचे टक्के बदलत नाहीत, पण छेदातल्या वस्तूला मोल आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते गाव सांगतं.

पुढे १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच तरुणानं उष्म्यापासून काम काढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे, हे दाखवलं. वाफ ५४० अंशांची आणि थंड बाजू ३० अंशांची असेल, तर सर्वांत आदर्श यंत्रही त्रेसष्ट टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. कोळशावरची आपली खरीखुरी वीजकेंद्रं साधारण पस्तिशीच्या आसपास असतात. 'मी शंभर टक्के देतो' असं मुलाखतीत सांगणाऱ्या उमेदवारांना कार्नो एकदा तरी शिकवायला हवा.

इथवर सगळं ठीक होतं. छेदात कोळसा होता, पाणी होतं, वाफ होती. कोळशाला पाठदुखी नसते. विसाव्या शतकाच्या तोंडावर हा अपूर्णांक माणसांना लावला गेला. फ्रेडरिक टेलर हा त्यातला मोठा पुढारी. बेथलेहेम पोलाद कारखान्यात ९२ पौंडांच्या लोखंडी लाद्या वाघिणीत भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरनं घड्याळ लावून, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे ठरवून देऊन तो आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम पावणेचार पटींहून जास्त, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. आठातला एखादाच माणूस हे झेपवू शकतो, हे टेलरनं स्वतःच १९११ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. उरलेल्या सातांचं काय, हा प्रश्न त्याच्या छेदात बसत नव्हता. कामगार मुद्दाम रेंगाळतो, अंग चोरतो, यावर त्याचा सगळा राग. मराठीत 'पाट्या टाकणे' म्हणतात तेच. पण पाट्या टाकणारा पाट्या का टाकतो, ते पाटी ज्याच्या डोक्यावर आहे त्याला विचारावं लागतं.

हा शब्द आपल्या मुंबईत नेमका याच वेषात उतरला, आणि त्याची कथा मराठी माणसानं विसरू नये अशी आहे. १९२० च्या दशकात जपानी कापडाच्या स्पर्धेनं मुंबईच्या गिरण्या अडचणीत होत्या. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाचा अहवाल आला, उत्पादनखर्च कमी करा, एकेका कामगाराकडून जास्त काम निघेल असं बघा. १९२८ च्या सुरुवातीला सासून गटाच्या गिरण्यांत नवी पद्धत आली. तिचं नावच 'एफिशियन्सी सिस्टीम'. विणकरानं दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्यानं साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू बघायच्या. माणसं कमी, कापड तेवढंच. त्या वर्षी एप्रिलमध्ये संप पेटला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख माणसं सहा महिने बाहेर. डांगे, निंबकर, मिरजकर, आळवे यांची गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली, आणि मवाळ ना. म. जोशीसुद्धा संप समितीत त्यांच्या शेजारी बसले.

कामगारांचं म्हणणं आळशाचं नव्हतं. तीन माग चालवता येतात, पण सूत चांगलं असेल तर. गिरणीनं हलका कापूस घातला की सूत तुटणार, तुटलं की माग थांबणार, थांबला की ते जोडायला धावायचं कामगारानं, आणि मजुरी तयार कापडावर. म्हणजे कापसात वाचवलेला पैसा मालकाच्या अंशात जमा, आणि त्यापायी वाढलेली धावपळ कामगाराच्या अंगावर. मँचेस्टरमध्ये एक विणकर चार माग चालवतो, असे दाखले दिले जात. तिथली दमट हवा, तिथलं सूत, तिथलं जेवण, तिथली खोली यांतलं काहीच त्या तुलनेत नसे. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे हे सगळं मांडलं गेलं.

त्या संपातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथं मालकही नापास होतात आणि कामगारही. गिरणीतलं चांगल्या मजुरीचं खातं विणाईचं. तिथं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्यांच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावेना. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला. आता हिशेब बघा. एकीकडे एकेका मागाला माणूस कमी लागावा म्हणून घड्याळं लावली जात होती. दुसरीकडे तयार हातांची मोठी फौज निव्वळ जातीपायी चांगल्या कामापासून बाहेर ठेवली जात होती. एका साध्या हुकानं सूत ओढता आलं असतं, आणि धोट्यातलं सूत व धूळ कुणाच्याच घशात गेली नसती. ही नासाडी कुठल्या एफिशियन्सीच्या तक्त्यात मांडली गेली? कुठल्याच नाही. अपूर्णांक मांडणाऱ्याला जे दिसतं तेवढंच त्यात पडतं.

सरकारी नोकरांनीही या शब्दाचं एक वेगळं रूप पाहिलं आहे. १९७३ नंतरच्या केंद्रीय वेतनश्रेणीतल्या कनिष्ठ कारकुनाचा पगार असा लिहीत: २६०-६-२९०-ईबी-६-३२६-८-३६६-ईबी-८-३९०-१०-४००. मंत्रासारखा हा आकडा आमच्या पिढीला पाठ होता. यातली 'ईबी' म्हणजे एफिशियन्सी बार. पाच वर्षं सहा-सहा रुपये वाढत २९० ला आलात की फाटक लागायचं. साहेबानं तुम्हाला एफिशियंट ठरवलं तर पुढचे सहा रुपये, नाहीतर तिथंच. "अमक्याची ईबी अडकली" हे वाक्य मी लहानपणी शेजाऱ्यांच्या ओटीवर इतक्या वेळा ऐकलं आहे, की मला तो एखादा आजार वाटायचा. अडकायची ती क्वचितच कामावरून. साहेबाशी बिनसलं की अडकायची. पाचव्या वेतन आयोगानंतर ही फाटकं गेली. एफिशियन्सी म्हणजे काय हे कुठं धडपणे न लिहिता, तिच्या नावाचं फाटक मात्र इतकी वर्षं उभं होतं.

मराठीनं या विशेषणाला प्रतिशब्द दिला 'कार्यक्षम'. शब्द देखणा आहे, पण त्याचा अर्थ कामाला समर्थ, काम करू शकणारा. यात कुठंही भागाकार नाही. कमीत कमी वेळ, पैसा किंवा इंधन यांत काम करणारा, ही छटा आपण वरून चिकटवली, ती नीट चिकटली नाही. म्हणून फ्लेक्सवर 'कार्यक्षम आमदार' आणि 'कार्यसम्राट नगरसेवक' शेजारी शेजारी हसत उभे राहू शकतात. हिंदीनं 'दक्षता' घेतला. पण मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा. रस्ता ओलांडताना घ्यायची ती. आपल्या पोलिसांच्या मासिकाचं नाव 'दक्षता', आणि हिंदीतला सतर्कता आयोग मराठीत दक्षता आयोग होतो. फ्रिजवरच्या ताऱ्यांची व्यवस्था पाहणारा, २००२ साली स्थापन झालेला केंद्रीय ब्यूरो हिंदीत 'ऊर्जा दक्षता ब्यूरो' आहे. मराठी माणसाला ते नाव ऐकून वाटावं, की विजेच्या चोरीवर पाळत ठेवणारं हे खातं असणार.

मग मराठीला ही कल्पनाच नव्हती का? होती, आणि भरपूर होती. फक्त तिनं ती एका शब्दात कोंबली नाही. वेळेच्या मानानं भरपूर काम करणाऱ्या बाईला 'उरक आहे' म्हणतात. साहित्य जपून वापरणाऱ्याला काटकसरी म्हणतात. चूक होऊ न देणारा तो चोख. पसारा न मांडणारा तो आटोपशीर. एक काम चालू असतानाच दुसरं उरकलं तर ते हातासरशी केलं. थोडक्या सामानात घासभर जास्त उरतं, तिथं हाताला बरकत आहे. काहीच नसताना गोड करून दाखवणारी कोंड्याचा मांडा करते. यातल्या प्रत्येक शब्दाचा छेद वेगळा आहे, आणि तो बोलणाऱ्याच्या मनात स्पष्ट आहे. उरक असलेला माणूस काटकसरी असेलच असं नाही. आमच्या शेजारच्या काकूंना उरक दांडगा, पण तेलाचा डबा पंधरा दिवसांत तळ दाखवायचा. चोख माणसाला उरक नसतो, हे तर कुठल्याही जुन्या सोनाराकडे चार तास बसल्यावर कळतं. या सगळ्या जणींना-जणांना 'एफिशियंट' या एकाच गोणीत भरलं की बोलणं सोपं होतं आणि कळणं अवघड.

भागाकारसुद्धा आपल्याला पाठ होता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला: बारा आणे घालून चार आण्यांची वस्तू, हिशेब एकतृतीयांश, वर्गातल्या फळ्यावर मांडता येईल असा. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं: इनपुट जातंय, आउटपुट मधल्या मध्ये गळतंय. चुलीला जोडून वैल असायचा. मुख्य आचेतून निसटणाऱ्या उष्णतेवर तिथं आमटी गरम राहायची. पॉलिटेक्निकात 'वेस्ट हीट रिकव्हरी' शिकवताना मी फळ्यावर आधी वैल काढायचो. शहरातली पोरं हसायची, खेड्यातली पोरं ताठ बसायची.

इंग्रजीबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. इंग्रज जेव्हा 'फ्युएल-एफिशियंट', 'कॉस्ट-एफिशियंट', 'एनर्जी-एफिशियंट' म्हणतो, तेव्हा तो छेद चक्क संयोगचिन्हानं शब्दाला बांधून देतो. धोका आहे तो बिनजोडीच्या शब्दाचा. त्याचा जुळा भाऊ 'इफेक्टिव्ह' हाही आपल्याकडे त्याच्या जागी सर्रास बसवला जातो. फरक साधा आहे. पन्नास माणसांसाठी तासाभरात दोनशे पोळ्या लाटल्या, ही एफिशियन्सी. पाहुणे भात खाणारे निघाले, तर इफेक्टिव्ह काहीच झालं नाही. पीटर ड्रकर यांनी १९६७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, ते इफेक्टिव्ह असण्याबद्दल. नको ते काम झपाट्यानं करण्यात अर्थ नाही, हे त्यांचं सांगणं. आपल्या बायोडेटांमध्ये मात्र दोन्ही शब्द एका ओळीत, वर 'डायनॅमिक' फोडणीला.

यावर वाचक म्हणेल, की तुम्ही ढिलाईची वकिली करता आहात. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी ज्यांनी तीन हेलपाटे घातले आहेत, त्यांना हे पटणार नाही, आणि पटू नये. जुन्या पिवळ्या बल्बमधली जेमतेम पाच टक्के वीज उजेड व्हायची, बाकीची नुसती उष्णता. तो गेला ते बरंच झालं. वैलाचं मी कौतुक केलं, पण त्याच चुलीच्या धुरानं माझ्या आजीचे डोळे गेले, हेही खरं. चुलीच्या छेदात लाकूड असतं हे सगळ्यांना दिसायचं, आजीचे डोळे असतात हे कुणी मांडलं नाही. माझा आक्षेप मोजण्यावर नाही. अर्धवट मोजून पूर्ण गुणपत्रिका देण्यावर आहे.

शिवाय पुरं मोजलं तरी वाचवलेली वस्तू वाचतेच, असं नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यानं १८६५ मध्ये लिहिलं, की स्कॉटलंडमध्ये टनभर लोखंडाला लागणारा कोळसा एकतृतीयांशाच्याही खाली आला, आणि एकूण कोळशाचा खप दसपट झाला. स्वस्त झालं म्हणून वापर वाढला. आपल्याकडच्या ठिबकचं हेच होतं. ठिबकनं उसाच्या एकराला पाणी कमी लागतं, पण वाचलेलं पाणी शेतकरी विहिरीत ठेवत नाही. शेजारच्या पडीक तुकड्यात तो आणखी एक पीक घेतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतलं असतं. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१७ च्या अहवालानं आणि पुढच्या वर्षी 'सायन्स'मधल्या एका लेखानं जगभरचे दाखले देऊन हेच सांगितलं. शेत एफिशियंट झालं, खोऱ्यात पाणी उरलं नाही. एकराला भागलं तर एक उत्तर येतं, खोऱ्याला भागलं तर दुसरं.

एसटीच्या डेपोत 'भारमान' हा शब्द आहे. गाडीत जागा किती आणि प्रवासी किती, त्याचं प्रमाण. भारमान कमी म्हणून शेवटच्या वाडीची फेरी बंद होते. महामंडळाच्या अपूर्णांकात ते चूक नाही. पण त्या फेरीनं बाजाराला जाणारी म्हातारी आता सहाआसनी रिक्षाला चाळीस रुपये देते, आणि ते चाळीस रुपये कुठल्याच डेपोच्या वहीत येत नाहीत.

आणि आता शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयानं जिल्ह्यांकडून 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांवर होत्या, त्यांत एक लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा. या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत आणायच्या, मुलांना गाडीनं न्यायचं. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ यांची नावं पुढे केली गेली. सरकारची बाजू पोकळ नाही. चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवणं कठीण असतं, पाच पोरांत कबड्डी होत नाही, वाचनालय नसतं. मोठ्या शाळेत हे मिळू शकतं. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्यानं लहान मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलेलं आहे, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक.

चर्चेत जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो आपला ओळखीचा: एवढ्या लहान शाळा चालवणं एफिशियंट नाही. दर मुलामागे पगाराचा खर्च काढला तर खरंच नाही. पण दर मुलामागे चाललेलं अंतर काढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर बुडालेले दिवस काढा. गाडीचं डिझेल संपल्यावर, चालक न आल्यावर, ठेकेदाराचं बिल थकल्यावर बुडालेले दिवस काढा. आठवीनंतर किती मुली टिकल्या ते काढा. यातला एकेक आकडा मोजता येण्यासारखा आहे. अवघड काहीच नाही. फक्त तो पगारपत्रकात आयता मिळत नाही, त्यासाठी वाडीवर जावं लागतं.

गेल्या पावसात मी एका माजी विद्यार्थ्याबरोबर सह्याद्रीच्या अंगातल्या अशाच एका वाडीवर गेलो होतो. त्याची बायको तिथल्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून बारा मुलं, दोन शिक्षक. जवळची मोठी शाळा साडेतीन किलोमीटरवर, मध्ये एक ओढा, त्याला साकव नाही. जुलैत सहा दिवस पलीकडे जाता आलं नाही, आणि ते सहाही दिवस वाडीतली शाळा भरली होती. बाईंच्या हजेरीपटावर ते दिवस आहेत. ज्यांना भागाकार करायचा आहे त्यांनी तो हजेरीपट मागवून घ्यावा.